मोटोरो स्टिंगरे घरी ठेवायचाय? आधी टाकी, मग पाणी, मासा सगळ्यात शेवटी

मोटोरोचं पिल्लू आणलं, दोन-तीन दिवस मस्त फिरलं, मग कोपऱ्यात काचेला चिकटून बसायला लागलं, थाळीच्या (म्हणजे त्याच्या गोल, चपट्या अंगाच्या) कडा वर वळल्या आणि गेलं. असं झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "आता कुठलं औषध टाकू?" औषधाचा काही संबंध नसतो हो. नव्वद टक्के वेळा मासा आधी आलेला असतो आणि टाकी नंतर सुचलेली असते. म्हणून इथे सगळं त्याच क्रमाने लिहितोय ज्या क्रमाने करायचंय, मधली पायरी गाळून पुढे जाऊ नका.

लेख पोटामोट्रिगॉन मोटोरोबद्दल आहे, म्हणजे तपकिरी पाठीवर केशरी-पिवळे, काळ्या कडेचे, डोळ्यांसारखे ठिपके असलेला तो. कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याचाच भाऊबंद, फक्त हा आयुष्यभर गोड्या पाण्यातच राहतो. काळा-पांढरा लिओपोल्डी ब्राझीलच्या झिंगू नदीतला, त्याचं बरंचसं असंच असलं तरी भाव आणि कागदपत्रं वेगळी.

## सुरुवातीला नदी डोळ्यासमोर आणा

मोटोरो ॲमेझॉन, ओरिनोको आणि पराना-पॅराग्वे या खोऱ्यांत सापडतो. राहतो कुठे तर नदीच्या कडेला, उथळ पाण्यात, मऊ वाळूत नाहीतर चिखलात, दिवसा अंगावर वाळू ओढून नुसते डोळे आणि श्वासाची भोकं बाहेर ठेवून. पावसाळ्यात नदी फुगते (ब्राझीलमधल्या मनाऊसजवळ पाण्याची पातळी वर्षभरात दहा-दहा मीटर वरखाली होते), तेव्हा हे मासे पाण्याखाली गेलेल्या जंगलात शिरतात आणि किडे, झिंगे, गोगलगायी, छोटे मासे खातात.

यातून आपल्या कामाच्या गोष्टी तीन. याला उंची नको, फरशी पाहिजे. तळ मऊ पाहिजे. आणि नदीत याच्या वाट्याला सतत ताजं पाणी येतं, तर आपल्याकडे तेच पाणी गोल फिरणार, त्यामुळे घाण काढायची जबाबदारी पूर्ण फिल्टरवर आणि तुमच्या पाणी बदलण्यावर.

अजून एक. समुद्रातली पाकटं अंगात युरिया साठवून खाऱ्या पाण्याशी जुळवून घेतात, पोटामोट्रिगॉनच्या कुळाने ती सोयच गमावलीय. "स्टिंगरे आहे ना, मग थोडं मीठ चालेल" असं दुकानदार म्हणाला तर मान डोलवा आणि मीठ टाकू नका.

## पायरी १: माप आणि जागा

१२-१५ सेंटिमीटरचं पिल्लू बघून चार फुटी टाकी पुरेल असं वाटतं. पुरेल, काही महिने. मोटोरोची थाळी ५० सेंटिमीटरच्या आसपास जाते, मादी नरापेक्षा मोठी, वर शेपटी वेगळी. एवढ्या माशाला वळायला टाकीची रुंदी लागते आणि लोक नेमकी तिथेच काटकसर करतात, लांबी सहा फूट आणि रुंदी दीड फूट. म्हणजे बोळात बस वळवायला लावल्यासारखं.

- वाढीच्या काळासाठी ४ बाय २ फूट तळ चालेल, पण पुढची टाकी कुठे बसणार ते आजच ठरवा
- कायमसाठी किमान ६ बाय ३, जमलं तर ८ बाय ४
- पाण्याची उंची दीड फूट पुष्कळ झाली

उंचीचा मुद्दा फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी नीट वाचा. दोन फूट पाणी म्हणजे दर चौरस मीटरला साधारण ६१० किलो भार, काच आणि स्टँड वेगळा. घरांच्या स्लॅबचं डिझाईन साधारणपणे २०० किलो प्रति चौरस मीटर वापराचा भार धरून करतात. दीड फुटावर आलात तरी ४५७ किलो होतातच. म्हणून मोठी टाकी तळमजल्यावर बरी, वरच्या मजल्यावर ठेवायची असेल तर स्ट्रक्चरल इंजिनियरला प्लॅन दाखवा आणि तो सांगेल त्याच भिंतीजवळ, बीमच्या वर ठेवा. शेजाऱ्याने ठेवलीय म्हणून आपणही ठेवली, याला काही अर्थ नाही.

थांबा आणि तपासा: मोठ्या टाकीची जागा, भार आणि बजेट तिन्ही नक्की झालंय का? नसेल तर मोटोरो नको, फ्लॉवरहॉर्न पाळा.

## पायरी २: तळ

खडे नकोत. रंगीत खडे तर अजिबात नकोत. हा मासा पोट घासत फिरतो, वाळू उकरून अन्न शोधतो, खडबडीत तळावर खालची कातडी सोलते आणि तिथून इन्फेक्शन सुरू.

बांधकामाच्या साईटवरून "वाळू" आणायचा मोह होतो. आपल्याकडे आता बहुतेक साईटवर क्रश सँड असते, म्हणजे दगड फोडून केलेली, तिचे कण धारदार असतात. तिथे हात लावू नका. स्विमिंग पूलच्या फिल्टरची बारीक सिलिका वाळू घ्या, चिमूटभर तळहातावर घासून बघा, बोचली तर परत. समुद्राची वाळू पण नको, शिंपल्यांच्या तुकड्यांनी पाणी कठीण होत जातं. शंका असेल तर वाळूवर व्हिनेगरचे थेंब टाका, फेस आला की समजायचं चुनखडी आहे.

थर २ ते ४ सेंटिमीटर. जास्त जाड घातलात तर खाली ऑक्सिजन पोचत नाही आणि ती जागा काळी पडून सडते. वाळू बादलीत पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायची, हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला शॉर्टकट नाही.

तळ मोकळाच ठेवला तरी चालतं का? चालतं, साफ करायला सोपं जातं, बरेच ब्रीडर तसंच करतात. मला स्वतःला वाळूवरचा रे (म्हणजे स्टिंगरे) जास्त निवांत दिसतो, पण रोज साफसफाई जमणार नसेल तर मोकळा तळ तुमच्यासाठी बरा. टोकदार दगड, ड्रिफ्टवूडची टोकं, प्लॅस्टिकची झाडं मात्र काहीच नको.

## पायरी ३: फिल्टर, हीटर आणि लाईट गेल्यावर काय

टॉप फिल्टर आणि कोपऱ्यातला स्पंज यावर मोटोरो जगत नाही, संप लागतोच, म्हणजे खाली ठेवलेली दुसरी टाकी, जिच्यात पाणी गाळून पंप ते परत वर पाठवतो. मेन टाकीच्या पाव ते एक तृतीयांश तरी संप ठेवा. पाणी आधी सॉक (गाळणीची पिशवी) किंवा फिल्टर वूलमधून जाऊ दे, मग बायो मीडियावर (ज्यावर घाण पचवणारे बॅक्टेरिया राहतात), शेवटी पंप. उलटं लावलं तर मीडियात घाण बसते. वूल दोन-तीन दिवसांनी धुवायचं, मीडिया मात्र नळाच्या पाण्याने कधीच धुवायचा नाही, क्लोरीनने बॅक्टेरिया मरतात आणि सगळी मेहनत पाण्यात.

हीटर उघडा टाकीत ठेवू नका. रे त्यावर जाऊन बसतो, भाजल्याचं त्याला लगेच कळत नाही, नंतर पोटावर पांढरा पट्टा दिसतो. हीटर संपमध्ये ठेवा, नाहीतर त्याला जाळीचं कव्हर लावा. पंपाच्या तोंडालाही जाळी हवी, छोटं पिल्लू चिकटून बसतं.

तापमान २६ ते २८. पुण्या-नाशिकला थंडीत हीटर लागणारच. विदर्भात उन्हाळ्यात प्रश्न उलटा, पाणी ३१-३२ वर गेलं की त्यात ऑक्सिजन कमी मावतो आणि त्याच वेळी माशाला तो जास्त लागतो. झाकण उघडं ठेवून (वर जाळी टाकून) पृष्ठभागावर पंखा लावला तर दोन-तीन अंश उतरतात. आटलेलं पाणी रोज भरून काढावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

आता लोडशेडिंग. मोठ्या माशाची मोठी टाकी, पंप बंद, तर ऑक्सिजन झपाट्याने उतरतो आणि तीन-चार तासांनी संपमधले बॅक्टेरियाही गुदमरायला लागतात. निदान एक एअर पंप इन्व्हर्टरवर हवा. बॅटरीवाले छोटे एअर पंप मिळतात, ते स्वस्त आहेत, दोन घेऊन ठेवा.

करून बघा: मासा नसतानाच मेन स्विच बंद करा. मेन टाकीतून खाली येणारं पाणी संपमध्ये मावतं का? संप ओसंडला तर आत्ताच कळेल, रात्री दोन वाजता कळण्यापेक्षा बरं. परत चालू केल्यावर पंप आपोआप पाणी उचलतोय का तेही बघा.

## पायरी ४: तुमचं पाणी नक्की कसं आहे

पीएच, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), केएच (पीएच स्थिर ठेवणारा कार्बोनेटचा कठीणपणा) आणि क्लोरीन या चार गोष्टी मोजा. पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट घ्या, पट्ट्या फार अंदाजपंचे दाखवतात.

मोटोरोला पीएच ६ ते ७.२ च्या आसपास आवडतो, आणि ७.५ ला स्थिर असलेलं पाणी रोज हेलकावे खाणाऱ्या ६.५ पेक्षा कधीही चांगलं. धरणाचं पाणी साधारण मऊ असतं, तिथे काम सोपं. बोअरचं पाणी आपल्या काळ्या दगडातून येतं, बऱ्याच ठिकाणी कठीण असतं, तिथे आरओचं पाणी मिसळावं लागतं. निव्वळ आरओ नको, त्यात केएच जवळपास शून्य असतो आणि पीएच कधी कोसळेल सांगता येत नाही.

क्लोरीनसाठी ग्रामपंचायतवाले करतात ती ओटी टेस्ट करा, पाण्यात थेंब टाकले की पिवळा रंग आला म्हणजे क्लोरीन आहे. सोसायटीवाल्यांनी विशेष सावध राहा. टाकी धुतल्यावर वॉचमन टीसीएल (ब्लीचिंग) पावडर हाताने टाकतो, मोजून नाही. पावसाळ्यातही डोस वाढलेला असू शकतो. पाणी ड्रममध्ये भरून त्यात हायपो (क्लोरीन घालवणारं सोडियम थायोसल्फेट) टाका, पाकिटावर लिहिलंय तेवढंच, एअर स्टोन लावून एक दिवस ठेवा, परत ओटी टेस्ट करा आणि मगच वापरा.

गच्चीवरच्या टाकीचं पाणी एप्रिल-मेमध्ये दुपारी अंघोळीला घेता येत नाही इतकं तापतं. ते थेट टाकीत सोडणारे लोक आहेत! ड्रममध्ये थंड होऊ द्या.

## पायरी ५: टाकी सायकल करणं

सायकल करणं म्हणजे मासा येण्याआधी फिल्टरमध्ये घाण पचवणारे बॅक्टेरिया वसवणं. सगळ्यात जास्त मासे इथे मरतात, म्हणून इथे जरा जास्त लिहितो.

माशाच्या शरीरातून अमोनिया निघतो, मुख्यतः कल्ल्यांतून. तो विषारी. बॅक्टेरियाची एक टोळी त्याचा नायट्राईट करते, तेही विषारी. दुसरी टोळी त्याचा नायट्रेट करते, ते बऱ्यापैकी सहन होतं आणि पाणी बदलून काढता येतं. या दोन्ही टोळ्या बायो मीडियावर वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. बाटलीतले बॅक्टेरिया टाकले तर थोडं लवकर होतं कधीकधी, पण "टाका बाटली, उद्या सोडा मासा" यावर विश्वास ठेवू नका. चांगल्या चालणाऱ्या, निरोगी टाकीतला मीडिया उसना मिळाला तर मात्र खरंच वेळ वाचतो.

स्वस्तातले चार मासे टाकून सायकल करायची जुनी पद्धत सोडा. त्यांच्यासोबत रोग येतात, आणि रेसाठी चालतील अशी औषधं फार कमी. त्यापेक्षा अमोनिया आपण स्वतः टाकायचा.

१. टाकी, संप, वाळू, पाणी सगळं भरून तापमान २८ ठेवा. क्लोरीन शून्य पाहिजे.

२. शुद्ध अमोनियम क्लोराईड घ्या, केमिकलच्या दुकानात मिळतं. कल्हईवाल्याचा नवसागर रसायन म्हणून तोच, पण त्यात भेसळ काय आहे कुणाला माहीत, तो नको. एकूण १००० लिटर पाण्याला साधारण ६ ग्रॅम टाकले की अमोनिया २ पीपीएमच्या (पीपीएम म्हणजे लिटरला मिलिग्रॅम) आसपास येतो. आधी पाण्यात विरघळवून घ्या.

३. दर दोन दिवसांनी अमोनिया आणि नायट्राईट मोजा, वहीत लिहा. सुरुवातीला काहीच हलत नाही, आठ-दहा दिवस सगळं ढिम्म, इथेच लोक कंटाळतात. मग अमोनिया उतरायला लागतो आणि नायट्राईट चढतो.

४. अमोनिया शून्यावर आला की परत तेवढाच डोस. नायट्राईट फार वर गेला तर डोस अर्धा करा.

५. मध्येच दोन्ही आकडे अडकून बसले तर केएच आणि पीएच बघा. ही प्रक्रिया केएच खाते, मऊ पाण्यात तो लवकर संपतो, पीएच ६.५ च्या खाली गेला की बॅक्टेरिया मंदावतात. शिंपल्यांचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून संपमध्ये टांगा, थोड्यापासून सुरू करा.

मासा आणायची परवानगी कधी: संध्याकाळी २ पीपीएमचा डोस टाकला, दुसऱ्या संध्याकाळी अमोनिया शून्य आणि नायट्राईटही शून्य. हे सलग दोन-तीन वेळा जमलं पाहिजे. मग ७०-८० टक्के पाणी बदलून नायट्रेट खाली आणा. पाणी काचेसारखं दिसतंय म्हणजे सायकल झाली असं नाही, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही.

आणि सायकल झाल्यावर मासा मिळायला उशीर होणार असेल तर अमोनियाचा छोटा डोस चालू ठेवा, नाहीतर बॅक्टेरिया उपाशी.

## पायरी ६: मासा निवडणं

दुकानात गेल्यावर पहिली मागणी, "माझ्यासमोर खायला घाला." खात नसेल तर निघा. "आत्ताच खाल्लंय" म्हणाला तर उद्या परत जा.

मग बघायचं:

- शेपटीच्या बुंध्याशी दोन्ही बाजूला हाडं वर आलेली दिसतात का. दिसली तर तो उपाशी आहे, आणि उपाशी पिल्लाला सावरणं अनुभवी माणसालाही अवघड जातं.
- थाळीच्या कडा सपाट हव्यात. सतत वर वळलेल्या असतील तर नको.
- डोळ्यांमागची श्वासाची भोकं शांत लयीत उघडझाप करतायत का. धापा टाकत असेल तर पाणी खराब आहे किंवा कल्ले.
- काचेवर चढला की पोट बघा. पांढरं-गुलाबीसर स्वच्छ हवं, लाल चट्टे, जखमा, पांढरा कापूस नको.
- फार छोटं, पोटाशी अजून पिवळा बलक असलेलं पिल्लू स्वस्त मिळतं म्हणून घेऊ नका.

नर-मादी ओळखणं सोपं, नराच्या शेपटीच्या मुळाशी दोन लांबट क्लास्पर (प्रजननाचे अवयव) असतात. जोडी एकत्र ठेवायची घाई करू नका, मोठा नर मादीच्या थाळीची कड चावून धरतो, जागा कमी असेल तर तिची चाळण होते.

कागदपत्रं. लिओपोल्डी २०२२ च्या पनामा परिषदेत सायटिसच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये गेला. मोटोरो कोलंबियाने आधीच परिशिष्ट ३ मध्ये घातलेला आहे. आपल्याकडे सायटिसमधल्या जाती वन्यजीव कायद्याच्या अनुसूची ४ मध्ये आणल्यात आणि अशा जिवंत प्राण्याची पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंद करण्याचे नियम २०२४ मध्ये आले. तेव्हा पैसे देण्याआधी जातीचं शास्त्रीय नाव बिलावर लिहून घ्या, यादीत बघा, विक्रेत्याकडे आयातीचे किंवा ब्रीडिंगचे कागद मागा. टाळाटाळ करत असेल तर तिथून घेऊ नका. शक्यतो नदीतून पकडलेला नको, फार्मवर जन्मलेला घ्या, तो टाकीतलं खाणं ओळखतो.

## पायरी ७: घरी आणणं आणि सोडणं

याच्या शेपटीवर विषारी काटा असतो, तो पिशवी फाडतो. त्यामुळे पिशवीत पिशवी आणि बाहेरून थर्माकोलचा खोका. विक्रेते काट्यावर मऊ नळीचा तुकडा चढवतात, तो त्यांच्याकडूनच व्हायला हवा, घरी तुम्ही प्रयोग करू नका. आणण्याच्या आदल्या दिवशी माशाला उपाशी ठेवायला सांगा, म्हणजे प्रवासात पाणी कमी घाण होतं.

आता एक गोष्ट बहुतेकांची चुकते. थेंब-थेंब पाणी टाकून दोन तास सवय लावायची पद्धत सगळीकडे सांगतात, ती तासाभराच्या प्रवासाला ठीक. पण पार्सल दहा-बारा तास पिशवीत असेल तर आत कार्बन डायऑक्साईड साठून पीएच पडलेला असतो आणि त्यामुळेच साठलेला अमोनिया तुलनेने निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली, गॅस उडाला, वरून तुमचं जास्त पीएचचं पाणी पडायला लागलं की तोच अमोनिया विषारी व्हायला लागतो. पीएच ७ वरून ८ वर गेला तर विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. मासा बिचारा दोन तास त्यातच बसून राहतो.

म्हणून लांबचं पार्सल असेल तर विक्रेत्याला आधीच पीएच आणि टीडीएस विचारा, आपल्या टाकीचं पाणी शक्य तेवढं जवळ आणून ठेवा, बंद पिशवी २०-३० मिनिटं टाकीत तरंगत ठेवून तापमान जुळवा आणि उघडल्यावर लगेच मासा हलवा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

हलवायचं कसं? जाळीने नाही. काटा जाळीत अडकतो, तुटतो, माशाला इजा आणि तुम्हालाही. पसरट टब पाण्यात बुडवून मासा त्यात पाण्यासकट घ्या आणि टाकीत तिरपा करा. हात कायम थाळीच्या पुढच्या बाजूला, शेपटी कुठे आहे ते सतत बघत.

लाईट बंद ठेवा, घरातल्यांना आणि शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी दाखवा.

इशारा: आधीपासून रे असेल तर नवा मासा चार आठवडे वेगळ्या, सायकल झालेल्या टाकीत. तांबं, फॉर्मॅलिन, मॅलाकाईट ग्रीन असलेली नेहमीची औषधं "खबरदारी म्हणून" टाकू नका, याच्या अंगावर नेहमीसारखं खवल्यांचं संरक्षण नसतं.

## पायरी ८: खाणं

पहिला दिवस काही देऊ नका. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मंद उजेडात थोडं द्या. डोळे वर आणि तोंड खाली, त्यामुळे तोंडाखालचं अन्न त्याला दिसत नाही, तो वासावर शोधतो. तुकडा त्याच्या समोर वाळूवर ठेवा आणि वाट बघा.

फ्रोझन ब्लडवर्मवर (गोठवलेल्या लाल अळ्या) पिल्लं पटकन येतात. मग गांडुळं (खत-औषध न मारलेल्या जमिनीतली, गांडूळखताच्या बेडमधली लाल गांडुळं बरेच मासे थुंकतात), सोललेली कोळंबी, करंदी, चिलापीचे तुकडे, आणि हळूहळू बुडणाऱ्या पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या). पेलेटची सवय लागली की तुमचं आयुष्य सोपं. पिल्लांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं लागतं, मोठ्याला एकदा पुरतं. उरलेलं तासाभरात काढा.

सुका जवळा, सोडे नकोत, मीठ असतं. चिकन, लिव्हर नको. जिवंत गोल्डफिश घालणं बंद करा, रोगही येतात आणि गोल्डफिश, सायप्रिनस (कॉमन कार्प) वगैरेंच्या मांसात थायामिनेज असतं, सतत दिलं तर बी-१ ची कमतरता होते.

आठवडाभर खाल्लं नाही तर? आधी अमोनिया, नायट्राईट, पीएच, तापमान, याच क्रमाने. मग सोबतचे मासे. सकर फिश म्हणजे काच साफ करणारा तो काळा, तो रात्री रेच्या पाठीवर बसून चिकट थर खरवडतो, आधी तो बाहेर काढा. आपटाआपटी करणारे मोठे सिक्लिड पण नकोत. अरोवाना चालतो म्हणतात, चालतोही, फक्त खाली पडायच्या आत सगळं तोच खातो, म्हणून रेचं खाणं त्याच्यापासून दूरच्या कोपऱ्यात टाका.

## पायरी ९: दर आठवड्याचं काम आणि काटा

नायट्रेट २० पीपीएमच्या आत ठेवायचं म्हटलं की आठवड्याला ४०-५० टक्के पाणी जातंच. एकदम अर्धं बदलण्यापेक्षा दोनदा पाव-पाव बदललेलं जास्त बरं. नव्या पाण्याचं तापमान एक अंशाच्या आत जुळवा.

मोटोरो मुद्दाम अंगावर येत नाही. नदीतही माणसं जखमी होतात ती वाळूत लपलेल्या रेवर पाय पडल्याने, म्हणून तिकडचे लोक उथळ पाण्यात पाय उचलून टाकत नाहीत, वाळूत घासत चालतात, म्हणजे रे आधीच निघून जातो. टाकीतही त्याला दचकवू नका, दाबू नका:

- हात घालण्याआधी रे कुठे आहे ते बोटाने दाखवता आलं पाहिजे. दिसत नसेल तर वाळूत आहे, थांबा.
- लांब दांड्याची साधनं वापरा, मोठ्या कामाला मध्ये जाळीचं पार्टिशन टाका.
- एकटे असताना मोठी साफसफाई नको.
- हाताने भरवून व्हिडिओ काढायची हौस असेल तर माझं मत, नको.
- काटा कापू नका. तो अधूनमधून आपोआप गळतो आणि नवा येतो, कधी दोन काटे एकदम दिसतात, घाबरू नका. गळलेला काटा चिमट्याने उचला.

### काटा लागलाच तर

१. हात बाहेर, स्वच्छ पाण्याने धुवा, रक्त वाहत असेल तर कापडाने दाबून धरा.

२. गरम पाणी, ४५ अंशांपर्यंत, थर्मामीटरने मोजून आणि न दुखावलेल्या हाताने तपासून. जखमेचा भाग त्यात ३० ते ९० मिनिटं ठेवा. विष उष्णतेने निकामी व्हायला लागतं आणि वेदना उतरते. उकळतं पाणी नको, वेदनेत भाजल्याचं कळत नाही.

३. वेदना कमी झाली तरी दवाखान्यात जायचंच. धनुर्वाताचं इंजेक्शन, आत काट्याचा तुकडा राहिलाय का ते बघायला एक्स-रे. डॉक्टरांना "गोड्या पाण्यातल्या स्टिंगरेचा काटा" असं स्पष्ट सांगा, कारण अशा जखमा चिघळतात आणि भरायला वेळ घेतात.

४. हळद, चुना, कॉफी पावडर काही भरू नका. चोखू नका, चिरू नका, वरून घट्ट बांधू नका. काटा छाती, पोट किंवा मानेत रुतला असेल तर ओढून काढायचा नाही, तसाच घेऊन हॉस्पिटल गाठा. श्वास लागला, अंगावर गांध्या उठल्या तर गरम पाण्यात बसून राहू नका, सरळ ॲम्ब्युलन्स.

गरम पाण्याची सोय, थर्मामीटर आणि जवळच्या हॉस्पिटलचा नंबर टाकीजवळ असू द्या.

## पायरी १०: ठेवणं जमेनासं झालं तर

बदली होते, घर बदलतं, मासा टाकीपेक्षा मोठा होतो. नदीत, तलावात, धरणात सोडायचा नाही, एक पण नाही. "आपल्या पाण्यात कुठे टिकणार" असं वाटत असेल तर सिंगापूरच्या जलाशयांत लोकांनी सोडलेले मोटोरो टिकले, त्यांना पिल्लंही झाली. खुद्द परानामध्ये, जिथला हा मासाच आहे तिथे, १९८२ मध्ये इताइपू धरण भरलं, सेते केदासचा धबधबा पाण्याखाली गेला, नैसर्गिक अडथळा संपला आणि रे वरच्या भागात पसरले. तिथे आधी कुणाला काटे माहीत नव्हते, आता मच्छीमार आणि पोहणारे जखमी होतात. आपल्याकडे सकर फिशने नद्यांत काय केलंय ते दिसतंच आहे.

मोठ्या टाकीवाला छंदी माणूस शोधा, विक्रेत्याला परत घेतो का विचारा, फुकट द्यायची तयारी ठेवा. परिवेशवर नोंद असेल तर हस्तांतरणही तिथे टाका. हे सगळं मासा टाकीला पुरेना झाल्यावर नाही, थाळी टाकीच्या रुंदीच्या निम्म्याला आली की सुरू करा, घेणारा मिळायला वेळ लागतो.

आणि मासा मेला तर तसाच ओल्या कचऱ्यात टाकू नका. मेल्यानंतरही काटा आणि त्यावरचं विष तसंच असतं. जाड हातमोजे घालून काटा पक्कडीने बुंध्यापासून कापा, झाकणाच्या कडक प्लॅस्टिक डब्यात बंद करून वर चिठ्ठी चिकटवा, मासा पुरा, आणि डबा घंटागाडीवाल्याच्या हातात सांगून द्या.